बंबकाकांचा हरवलेला आवाज

१

मंगळवारी सकाळी बंबकाकांनी कपाट उघडलं, तर त्यांची पिशवी जागेवर नव्हती.

पिशवी म्हणजे काही पैशांची थैली नव्हे. करड्या कापडाची, तळहाताएवढी, तोंडाशी नाडी असलेली. आत एक छोटा रेकॉर्डर. विकायला नेला तर दुकानदार वर चहा पाजून परत पाठवेल, असला. पण त्या रेकॉर्डरमध्ये बंबकाकांचा आवाज होता, आणि त्या आवाजात त्यांनी जे सांगितलं होतं ते बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. आता ते कुणाच्या तरी खिशात होतं. काकांनी कपाटाचे सगळे खण पुन्हा पुन्हा चाचपले.

हे सगळं समजायचं तर त्या जागेची माहिती हवी. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत एक अभ्यास चालला होता. आयुष्यात काहीतरी भयंकर पाहिलेली आणि त्या पाहिलेल्यातून अजून न सुटलेली माणसं तिथे आपणहून नाव द्यायची. दोन उपचारांपैकी कशानं जास्त गुण येतो ते पाहायचं होतं. कुणाच्या वाट्याला कोणता, ते चिठ्ठी टाकून ठरायचं. एका गटाला श्वासाचे आणि अंग सैल सोडायचे धडे. दुसऱ्या गटानं डोळे मिटून तो दिवस पुन्हा सांगायचा, आत्ता घडतोय तसा, तो रेकॉर्ड करायचा आणि रोज ऐकायचा. ऐकून ऐकून त्याची धार जाते म्हणतात. जातेही. पण जाईपर्यंत कापते, त्याला कुणाचा इलाज नाही.

बंबकाका दुसऱ्या गटातले. उभी हयात आगीच्या बंबावर गेली, म्हणून हे नाव. घरी ऐकायला त्यांना संकोच वाटे, म्हणून इथेच ऐकण्याच्या खोलीत बसून ऐकायचे आणि पिशवी कपाटात ठेवून जायचे. काकू बाहेर बाकावर लोकर विणत बसायच्या.

त्यांच्याच गटात एक फौजदारबाई होत्या. नोकरी मुदतीआधी सोडलेली. एका घराच्या दाराशी त्या वरून हुकूम येण्याची वाट पाहत थांबल्या होत्या. हुकूम आला तेव्हा आत वाचवायला कुणी उरलं नव्हतं. एवढं त्या सांगत, त्याच्या पुढचं नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी डोळे मिटायला सांगितले की फौजदारबाई त्यांचीच उलटतपासणी घ्यायच्या. त्यांचा रेकॉर्डर अजून कोराच होता.

"कपाटाला कुलूप असतं ना?" त्यांनी सिस्टरला विचारलं.

"असतं की."

"आणि किल्ली?"

सिस्टरनं टेबलामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथे सगळ्या जगाला दिसेल अशी लटकत होती. फौजदारबाईंनी कपाळाला हात लावला. जन्मभर त्यांनी असलीच कुलपं पाहिली होती.

बंबकाका तेवढ्यात हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, ते कुणी ऐकलं, तर मी पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही."

२

शुक्रवारी पिशवी परत आली. तोच खण, तीच जागा. आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

कारण पिशवीच्या नाडीला काकांचीच गाठ होती. ही गाठ म्हणजे बंबावरची विद्या. कितीही ताण द्या, सुटायची नाही, पण नेमकं टोक ओढलं की क्षणात मोकळी. आपलं बोलणं कुणी ऐकू नये म्हणून काका रोज ती मारून जायचे. सिस्टरनं एकदा सोडवायला घेतली होती, तेव्हा तिचं नख मोडलं आणि गाठ जशीच्या तशी राहिली.

डॉक्टरबाई मनानं चांगल्या, पण त्यांचं पुस्तक त्यांच्या डोळ्यांपुढे सतत उघडं. त्या काकांना समोर बसवून म्हणाल्या, "काका, यात लाजण्यासारखं काही नाही. नकोसं वाटणारं टाळणं हाच तर या आजाराचा स्वभाव. ऐकवत नव्हतं, म्हणून तुम्ही ती लपवलीत. मग वाईट वाटलं आणि परत ठेवलीत. ही गाठ तुमच्याशिवाय कोण मारणार?"

काका उठले. बाहेर येऊन बाकावर बसले. काकूंनी विणकाम खाली ठेवलं.

"मी चोर ठरलो," ते म्हणाले. "माझ्याच आवाजाचा चोर. सोमवारी येतो, नाव काढून घेतो आणि सुटतो."

फौजदारबाईंना ते ऐकून फार वाईट वाटलं. या माणसाला गुण येत होता, सगळ्यांना दिसत होता. वर्षानुवर्षं काडी ओढली की घराबाहेर जाणारे काका गेल्या महिन्यात स्वतः गॅस पेटवून चहा करून प्यायले होते. काकूंनी ती बातमी बाकावरच्या प्रत्येकाला सांगितली होती, नातू झाल्यासारखी. आता हे सगळं एका नाडीपायी पाण्यात जाणार.

"काका, पिशवी उघडलीत तेव्हा आत सगळं जागच्या जागी होतं?" त्यांनी विचारलं.

"जागच्या जागी कसलं! मशीनसुद्धा बिघडवून ठेवलंय. कानात घातलं, बटण दाबलं आणि कान फाटायची वेळ आली. काढून फेकलं. माझ्याच आवाजानं मला एवढं कधी घाबरवलं नव्हतं."

"मग पुढचं ऐकलंच नाहीत?"

"कशाला ऐकू? सगळं मलाच पाठ आहे."

काका उठले. काकूंनी लोकर पिशवीत कोंबली, तिची नाडी एका झटक्यात आवळली आणि त्यांच्यामागे निघाल्या. वळणापर्यंत गेल्या नाहीत तोच मागे वळून म्हणाल्या, "सिस्टर, आत तुमचा फोन वाजतोय."

सिस्टरला काही ऐकू आलं नव्हतं. आत जाऊन पाहते तर खरंच वाजत होता. काकूंचे कान असे तिखट.

फौजदारबाई बाकावरच बसून राहिल्या. निवृत्त हत्तीलाही जुनी वाट दिसली की पाय शिवशिवतात. सोमवारपर्यंत वेळ होता.

३

पहिला संशय गेला गांधारीवर.

गांधारी म्हणजे तपासणारे डॉक्टर. चांगले मिशीवाले, पोट सुटलेले गृहस्थ. कोण किती बरं झालं ते यांनी ठरवायचं, पण कुणावर कोणता उपचार चालू आहे हे यांना कळता कामा नये. कळलं तर मन नकळत एका बाजूला झुकतं आणि अभ्यासाची माती होते. म्हणून डोळे असून यांनी पट्टी बांधलेली. ऐकण्याच्या खोलीकडच्या वाटेनं यायची त्यांना बंदी. स्वयंसेवकांनाही ताकीद होती की त्यांच्यापुढे रेकॉर्डरचा 'र' काढायचा नाही.

तर हेच गांधारी सोमवारी संध्याकाळी त्या बंदीच्या वाटेवर सिस्टरला दिसले होते. म्हणजे पिशवी हरवायच्या आदल्याच दिवशी.

त्यात त्यांना ऐकू कमी येतं. मुलाखतीत दर दुसऱ्या वाक्याला "जरा मोठ्यानं" म्हणतात. फौजदारबाईंच्या डोक्यात काकांचं वाक्य फिरत होतं, कान फाटायची वेळ आली. मशीन बिघडलेलं नसणार. कुणीतरी त्याचा आवाज पूर्ण वाढवलेला होता. आता लपवणारा माणूस वस्तू गादीखाली सारतो आणि मोकळा होतो. आवाज वाढवायला तो कशाला जाईल? म्हणजे काकांनी लपवली हे डॉक्टरबाईंचं पुस्तकी निदान साफ चुकलं. पिशवी नेणाऱ्यानं आतलं ऐकलं होतं, आणि मोठ्यानं ऐकलं होतं.

त्या गांधारींच्या खोलीत शिरल्या.

"डॉक्टर, मी काही सांगणार नाही. फक्त विचारणार. सोमवारी तुम्ही त्या बाजूला काय करत होता?"

गांधारी खुर्चीतच चुळबुळले. "कॉफी. आमच्या बाजूचं यंत्र बंद पडलंय. त्या टोकाचं चालतं. पण मी नियम पाळला. दोन्ही कानांत बोटं घालून गेलो आणि गाणं म्हणत गेलो."

"आणि येताना? हातात कप असेल ना."

"येताना नुसतं गाणं म्हटलं. मोठ्यानं."

सिस्टरनं नंतर याला दुजोरा दिला. गाणं तिनं ऐकलं होतं, आणि अजून विसरली नव्हती.

फौजदारबाईंनी पर्समधून एक दोरी काढली, काकांकडून शिकायचा प्रयत्न केलेली गाठ एकदा सावकाश मारून दाखवली, सोडली आणि दोरी पुढे केली. "मारा बघू."

गांधारींनी जीभ बाहेर काढून बराच वेळ खटपट केली. शेवटी त्यांचा अंगठाच दोरीत अडकला. तो सोडवायला बाईंना कात्री मागवावी लागली.

"माझे बूट बघा," ते ओशाळून म्हणाले. "बिननाडीचे. लहानपणापासून."

फौजदारबाई बाहेर आल्या त्या जास्तच गोंधळून. ज्याला मोठ्यानं ऐकावं लागतं त्याला गाठ येत नाही. सिस्टरला गाठ येत नाही. डॉक्टरबाईंना चोरायची गरजच नाही, कारण ते सगळं त्यांच्यापुढेच बोललं गेलं होतं. उरलं कोण?

डॉक्टरबाई दारातच भेटल्या. "आज तुमचं सत्र होतं. आला नाहीत."

"तपास चालू आहे."

"दिसतोय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा. कपाट सापडलं, गाठ सापडली, आणि तुमचं दार तसंच राहिलं. टाळणं म्हणतात ते फक्त पिशव्या लपवून होत नाही, बाई."

ते वर्मी लागलं. फौजदारबाई घरी जाईपर्यंत स्वतःशीच भांडत होत्या. जिन्यावर त्यांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. एक झटका. लोकरीची पिशवी. डोळ्यांदेखत घडलेलं, आणि आपण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहत बसलो.

४

सोमवारी काका डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले, नाव काढून घ्यायला. काकू बाकावर होत्या. फौजदारबाई शेजारी येऊन बसल्या आणि लोकरीच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"काकू, ही गाठ सोडा बरं."

काकूंनी सवयीनं टोक ओढलं. नाडी मोकळी झाली. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि हात तसाच राहिला.

"इतकी वर्षं संसार केल्यावर येणारच," फौजदारबाई म्हणाल्या. "घरातल्या पिठाच्या डब्यापासून वाळत घालायच्या दोरीपर्यंत सगळीकडे हीच असेल. पिशवी ठेवताना तुम्ही विचारसुद्धा केला नसेल. साधी गाठ मारली असती तर शंभर माणसांवर संशय गेला असता. ही मारलीत, आणि काका अडकले."

काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पण मला एक कोडं सुटत नव्हतं. तुमचे कान तिखट. तुम्हाला आवाज एवढा वाढवायचं कारण नाही. मग सुचलं, मी एकच माणूस शोधतेय, आणि आहेत दोन. एकानं नेली आणि एकानं ऐकली. तुम्ही ती कुणालातरी ऐकवायला नेलीत. म्हाताऱ्या माणसाला. आणि काका ज्या आगीतून अजून बाहेर आले नाहीत, तिच्याशी ज्याचं नातं आहे, अशालाच."

मग काकूंनी सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर त्या थांबल्या नाहीत.

काकांच्या बंबावर एक पोरगा होता, नवा. त्याला सगळे धाकटा म्हणत. एका गोदामाच्या आगीत काका आणि धाकटा एकत्र आत गेले, आणि काका एकटे बाहेर आले. काय झालं ते काकांनी वरिष्ठांना दोन ओळींत सांगितलं आणि त्यानंतर तोंड मिटलं. धाकट्याच्या आईसमोर ते कधी गेले नाहीत. काकू मात्र जात. दर महिन्याला, गुपचूप.

"ती प्रत्येक वेळी एकच विचारायची," काकू म्हणाल्या. "शेवटी काय बोलला गं माझा? आणि मी प्रत्येक वेळी सांगायची, ह्यांना आठवत नाही. खोटंच. मी रोज रात्री ह्यांना आठवताना पाहिलंय. आता तिची तब्येत ढासळली. मला वाटलं, जे जगात कुठेच नव्हतं ते आता ह्या कपाटात आहे, आणि किल्ली खिळ्याला. विचारलं असतं तर हे नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही."

"तुम्ही ऐकलंत?"

"नाही हो. तिला लावून दिलं आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. पण तिला कमी ऐकू येतं. आवाज वाढवत गेले, वाढवत गेले..." काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बाहेरही ऐकू आलं सगळं. काय करू?"

"आवाज परत कमी करायचा राहिला."

"राहिला. रडत होते मी." त्या थांबल्या. "आणि त्यात आणखी एक आहे. यांच्या बोलण्याच्या पुढे. यांनी ते ऐकलंच नाही."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. काका सही करायला टेबलाशी सरकून बसत असावेत. फौजदारबाई उठल्या. "काकू, हे मी सांगायचं नाही. तुम्ही सांगायचं. आत्ता."

५

काकूंनी सांगितलं. दारात उभं राहून, एका दमात.

बंबकाका भडकले नसते तरच नवल. "माझ्या पाठीमागे? अगं, ते मी देवापुढे बोललो नाही. आणि तू उचलून नेलंस? तिच्याकडे? जगातल्या नेमक्या तिच्याकडे?"

"हो."

"तुम्ही केलंत ते चूक आहे, काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "आणि मी बोलले तेही चूक होतं. मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. किल्लीसुद्धा आमचीच चूक. मला माफ करा."

"चूक तर आहेच," काकू म्हणाल्या. "मी नाही कुठे म्हणतेय? पण अहो, पुढचं ऐका. मग काय बोलायचं ते बोला. मी इथेच उभी आहे."

काकांनी पिशवी हातात घेतली. गाठ सोडली. डॉक्टरबाईंनी रेकॉर्डर घेऊन त्यांचं बोलणं ओलांडून पुढे नेलं. कानातलं लावायचं कुणाला सुचलं नाही. बटण दाबल्याबरोबर खोलीभर एका म्हातारीचा आवाज घुमला, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा, चढा.

"झालं का गं चालू? लाल दिसतंय. बरं. मी धाकट्याची आई. मी सगळं ऐकलं. दोनदा लावायला लावलं, पहिल्यांदा तुमचं बोलणं नीट लागलं नाही. तो म्हणाला ना तुम्हाला, काका, तुम्ही निघा, आईला सांगा मला काही दुखत नाहीये. खोटारडा कुठला. शाळेत हात मोडून घेतला तेव्हाही हेच म्हणाला होता."

मध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. काकांनी टेबलाची कड धरली.

"तुम्ही सारखं म्हणता, मी हात सोडला, मी हात सोडला. ते ऐकलं मी. पण त्याच्याआधी तुम्ही किती वेळ धरून बसला होता, तेही ऐकलं. मोठे साहेब आले होते तेव्हा. टोप्या काढून उभे राहिले. पण हे कुणी सांगितलं नाही. मला आजपर्यंत वाटत होतं, तो एकटा होता."

मग पाण्याचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"एकदा येऊन जा. आणि समोर बसून सांगा, ह्या डबीत नको. हे बंद कसं करायचं गं?"

बाहेरच्या वाटेवरून त्याच वेळी कुणीतरी भसाड्या आवाजात गाणं म्हणत गेलं. गांधारींची कॉफीची वेळ झाली होती. एरवी सगळे हसले असते.

काका रडत होते. आवाज न करता, सरळ समोर बघत. फौजदारबाईंनी माणसं खूप रडताना पाहिली होती, बहुतेक पकडली गेल्यावर. सुटका झालेला माणूस रडताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "बंद करू?"

"नको. पुन्हा लावा."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर काकांनी समोरचा कागद बाजूला सारला. सही केली नाही. काकूंकडे वळले.

"तिला खरंच एवढं कमी ऐकू येतं?"

"हो हो. अगदी जवळ बसूनसुद्धा ओरडावं लागतं."

"म्हणजे मला हे मोठ्यानं सांगावं लागणार," बंबकाका म्हणाले. त्यांनी नाक पुसलं. "चल. पण आधी तू बस माझ्यासमोर. तुला पहिल्यांदा सांगतो. चोरून ऐकलेलं मोजायचं नाही."

काकू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. डॉक्टरबाई आणि फौजदारबाई बाहेर आल्या आणि दार लोटून घेतलं. आतून काकांचा आवाज येऊ लागला, आधी पुटपुटल्यासारखा, मग स्पष्ट. दोघी तिथून लांब सरकल्या.

सिस्टरनं खिळ्यावरची किल्ली काढून खिशात घातली.

फौजदारबाईंच्या हातात अजून ती दोरी होती. त्यांनी तिला एक गाठ मारली, टोक ओढून सोडली आणि दोरी पर्समध्ये टाकून दिली. तपास संपला होता. सोडवायला दुसऱ्याचं आता काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "माझा रेकॉर्डर कोराच आहे ना अजून?"

"कोराच आहे."

"मग दुसऱ्या खोलीत बसू. आज मी प्रश्न विचारणार नाही."

त्या आत जाऊन बसल्या आणि डॉक्टरबाईंनी सांगायच्या आधीच डोळे मिटले. "मी दाराशी उभी आहे," त्यांनी सुरुवात केली. "आतून कुणीतरी हाक मारतंय."